उल्हासला पटवून देताना

"हृदयाची झडप घे," पप्पा म्हणाले. "नुसती एक झडप. तू आज इंजिनिअर होतोयस. अशी झडप बनवून दाखव, जी जन्मभर उघडते, मिटते, कुणी तेल घालत नाही, कुणी दुरुस्त करत नाही. आणि तू म्हणतोस हे आपोआप झालं!"

उल्हासच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला. त्यानं आधी ताटाकडे पाहिलं, मग समोर बसलेल्या आईकडे.

"आईची झडपसुद्धा तुमच्या देवानंच बनवली ना, पप्पा?"

मी कालवण वाढत होते. पळी पातेल्यावर आपटली, तेवढाच काय तो आवाज झाला. आई मात्र हसली. हसताना तिला धाप लागायची, म्हणून तिनं एक हात छातीवर ठेवला. "माझी झडप तुमच्या भांडणात नको रे," ती म्हणाली. "जेवा आधी. अनूनं केव्हाची गरम भाकरी वाढलीय."

ही पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पप्पा, म्हणजे रेव्हरंड शांतवन अमोलिक, नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या गावात आमच्या छोट्या चर्चचे पाळक होते. चर्चच्या आवारातच आमचं घर होतं. उल्हास माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, पुण्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. मी गावातल्याच कॉलेजात जायची, आई आजारी असल्यामुळे स्वयंपाक करायची आणि रविवारी उपासनेत पेटी वाजवायची.

आईला लहानपणी सांध्यांचा ताप आला होता. त्यात हृदयाची एक झडप खराब झाली, पण ते कळलं पंचेचाळिशीत. डिसेंबरात पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशन करावंच लागेल. मार्चमधली तारीख मिळाली. त्या काळी असं ऑपरेशन म्हटलं की घरातली माणसं एकमेकांच्या नजरा चुकवायची.

त्याच नाताळात उल्हासनं जाहीर केलं की तो इथून पुढे प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत चर्चमध्ये देतात ती भाकर आणि द्राक्षरस, घेणार नाही. त्यानं आरडाओरडा केला नाही. तो एवढंच म्हणाला, "मला हे खरं वाटत नाही. खरं वाटत नसताना पुढे येऊन गुडघे टेकायचे, म्हणजे तुमचाच अपमान आहे, पप्पा."

आईनं त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली. ऑपरेशनच्या आधी आपण चौघांनी एकदा बरोबर प्रभुभोजन घ्यावं.

"आई, खोटं येऊ का?" त्यानं विचारलं.

आईनं पप्पांकडे पाहिलं. पप्पाच म्हणाले, "खोटं नको येऊस. मी तुला पटवून देतो. तुझ्याच शास्त्रानं, तुझ्याच तर्कानं. नाही पटलं तर येऊ नकोस."

मग दर रविवारी उपासना झाली की जेवणाच्या टेबलावर हा वाद सुरू व्हायचा. उल्हास शनिवारी पुण्याहून यायचा, रविवारी संध्याकाळच्या एस.टी.नं परत जायचा. पप्पांनी सेमिनरीतल्या, पाळकांच्या शिक्षणाच्या वेळच्या मित्रांकडून पुस्तकं मागवली होती. कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या सरांकडे जाऊन ते विश्वाच्या उत्पत्तीवर तासन् तास बोलून येत. आजारी माणसांच्या घरच्या भेटी कमी झाल्या. चर्चच्या मंडळीतले लोक विचारायचे, "पाळकसाहेब हल्ली दिसत नाहीत?" मी सांगायची, "अभ्यास चाललाय."

तो अभ्यास मला घरभर ऐकू यायचा.

"ज्याला सुरुवात आहे, त्याला कारण असतं," पप्पा सांगत. "विश्वाला सुरुवात आहे हे तुमचेच लोक म्हणतात."

"मग देवाला कारण कोण?"

"ज्याला सुरुवातच नाही, त्याला कारण कसं असेल?"

"हे तुम्ही ठरवलंत. मी म्हणेन, विश्वालाच तशी सूट देऊ या."

दुसऱ्या रविवारी इतिहास. येशूचे शिष्य आधी भिऊन पळाले आणि नंतर तो मेलेल्यांतून उठला या साक्षीसाठी मेले, हे कशामुळे? पप्पा टेबलावर बोट आपटून म्हणायचे, "खोट्यासाठी कुणी जीव देत नाही." उल्हास म्हणायचा, "खोटं आहे हे ठाऊक नसेल तर देतात की. रोज देतात." पप्पा थांबायचे, चष्मा पुसायचे आणि पुढच्या रविवारी त्याचं उत्तर घेऊन यायचे. झडपेचंही उत्तर त्यांनी आणलं. मूळ झडप चांगलीच होती, तापानं बिघडवली, आणि बिघडली असं आपण म्हणतो तेव्हाच ती कशी असायला हवी होती हे आपण मान्य करतो. उल्हासनं त्यावर बराच विचार केला होता. आई ऐकता ऐकता खुर्चीतच झोपून गेली होती.

मी त्या दोघांच्या मधे बसायची. मला कुणी काही विचारत नव्हतं आणि त्याचं मला काही वाटतही नव्हतं. माझं सगळं लक्ष आईच्या श्वासाकडे असायचं. ती न्हाणीघरातून परत येईपर्यंत मी हातातलं काम थांबवून कान देऊन उभी राहायची. शेजारच्या रणनवरे मावशी म्हणायच्या, "पोरी, किती वाळलीस! प्रार्थना करत जा, बरं वाटेल." मी हो म्हणायची.

मार्चच्या सुरुवातीच्या एका रविवारी उल्हास जेवता जेवता थांबला. पप्पा बोलत होते. बरं आणि वाईट यांतला फरक माणूस कुठून आणतो, नुसत्या अणुरेणूंत तो कुठे सापडतो, असं काहीतरी. उल्हासनं हात धुतले, परत येऊन बसला आणि म्हणाला, "पप्पा, मला हे खोडून काढता येत नाही. दोन आठवडे मी प्रयत्न करतोय. मित्रांना विचारलं, सरांना विचारलं. तुम्ही म्हणता तेच जास्त बरोबर दिसतंय."

पप्पांनी हातातला घास ताटात ठेवला.

"मी येईन पुढच्या रविवारी," उल्हास म्हणाला. "आईसाठी नाही. पटलंय म्हणून."

पप्पा उठले, टेबलाला वळसा घालून गेले आणि त्यांनी उल्हासचं डोकं पोटाशी धरलं. इतका मोठा मुलगा, पण तोही तसाच बसून राहिला. आई रडत होती आणि रडतानाही धाप लागते म्हणून स्वतःला आवरत होती. मी ताटं उचलली आणि मोरीत नेऊन ठेवली. नळ सोडला. धुताना एक पेला हातातून सुटून खाली पडला. आतून आई म्हणाली, "राहू दे ग अनू, आनंदाच्या दिवशी फुटलं तर फुटलं."

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच ठाऊक. जेवण जात नव्हतं. घरात सगळे आनंदात होते. आई कपाटातून तिची पांढरी, निळ्या काठाची साडी काढून ठेवत होती. मी दोनदा पप्पांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा परत आले.

रविवारी चर्च भरलं होतं. पाळकांचा मुलगा परत येतोय हे सगळ्यांना कळलं होतं. पप्पांनी भाकर आणि पेला यांवरचं पांढरं कापड बाजूला केलं, बायबलमधलं वचन वाचलं, आणि माणसं रांगेनं वेदीपुढच्या कठड्याशी येऊन गुडघे टेकू लागली. मी पेटीवर गीत वाजवत होते. आई आणि उल्हास शेजारी शेजारी गुडघ्यांवर होते. पप्पांनी उल्हासच्या हातावर भाकर ठेवली. मागे कुणीतरी मोठ्यानं "आमेन" म्हणालं.

आमच्याकडे पेटी वाजवणारी सगळ्यात शेवटी जायची. गीत संपवायचं, उठायचं, कठड्याशी यायचं. सगळे आपापल्या जागी गेले. गीताचं शेवटचं कडवं संपलं. पप्पा ताटली धरून माझी वाट बघत उभे राहिले.

मी पहिल्या कडव्यापासून पुन्हा वाजवायला लागले.

लोक गोंधळून पुन्हा गाऊ लागले. पप्पांनी मान हलवून मला खूण केली, ये. मी पट्ट्यांकडे बघत राहिले. तेही कडवं संपलं, तशी मी पुढचं धरलं. मग पप्पांनी ताटली हळूच खाली ठेवली आणि वर कापड घातलं. आई पहिल्या बाकावरून माझ्याकडे बघत होती.

दुपारी मी मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसले होते. पप्पा आले आणि पायरीवर बसले.

"बरं नव्हतं का?"

"बरं होतं."

"मग?"

मी सुपातला खडा शोधत राहिले. "पप्पा, मला घेता येणार नाही. उल्हास जे म्हणत होता नाताळात, ते माझं झालंय आता."

त्यांना आधी समजलंच नाही. मग ते पुढे सरकले. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम रविवारच्या वादातले पप्पा दिसू लागले. "कुठला मुद्दा? सांग. सुरुवातीचा? साक्षीदारांचा? उल्हासलाही तिथेच अडत होतं, पण बघ..."

"मुद्दा नाही," मी म्हणाले. "तुमचं सगळं बरोबर असेल. मला खोडता येत नाही."

"मग?"

"मला हे प्रश्न कधी पडलेच नव्हते, पप्पा. देव नसेल असं कुणाला वाटू शकतं, हे मला या टेबलावर कळलं. आधी मी पीठ मळताना बोलायची त्याच्याशी. आईचं सांगायची. तुमचं सांगायची. कुणी खोलीत असलं की आपण बोलतो ना, तसं. आता बोलायला गेलं की तुमचे दोघांचे आवाज ऐकू येतात. उल्हास म्हणतो नाही, तुम्ही म्हणता आहे. आणि ज्याच्याबद्दल बोलताय तो काहीच म्हणत नाही."

पप्पांचे हात गुडघ्यांवर होते.

"तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"कुणी विचारलं नाही."

त्यांनी उठताना भिंतीला हात लावला. दारात थांबून म्हणाले, "आईला ऑपरेशन होईपर्यंत सांगू नकोस." तेवढंच. त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या दिवसांत मला एकच भीती होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. आईनं एकच गोष्ट मागितली होती, चौघांनी मिळून. मी ती मोडली होती. आता आईला काही झालं तर ते माझ्यामुळे. देव आहे असं मला वाटत नव्हतं, आणि तो मला शिक्षा करील असं मात्र वाटत होतं. यातलं पहिलं खरं असेल तर दुसरं कसं असेल, हे मला कळत होतं. कळून उपयोग होत नव्हता.

पुण्याच्या दवाखान्यात, ऑपरेशनच्या सकाळी आईनं मला केस बांधायला बोलावलं. "घट्ट दोन वेण्या घाल. वर टोपी घालतात म्हणे." मी फणी फिरवत होते. तिनं आरसा मागितला नाही. पेटीबद्दलही काही विचारलं नाही. वेणीचं शेवटचं टोक बांधून झाल्यावर तिनं माझा हात मागे ओढून गालाला लावला आणि सोडला. तिला काय कळलं होतं आणि काय नाही, हे मी पुढेही कधी विचारलं नाही.

तिला आत नेल्यावर आम्ही तिघं बाहेरच्या बाकांवर बसलो. समोर एक म्हातारे गृहस्थ होते. धोतर, वर कोट, मांडीवर चुरगळलेली टोपी. पाथर्डीकडचे, दहिफळे आडनाव. त्यांची मुलगी मंदा त्याच सकाळी दुसऱ्या खोलीत ऑपरेशनसाठी आत गेली होती. बाळंतपणानंतर तिला हृदयाचं दुखणं निघालं होतं. बरोबर दुसरं कुणी नव्हतं. जावई तान्ह्या बाळाला घेऊन गावी होता.

पप्पांच्या हातातलं बायबल ते मघापासून बघत होते. शेवटी म्हणाले, "साहेब, तुमी देवाचे माणूस दिसता. एक इचारू का?"

"विचारा ना."

"त्यो ऐकतो का हो?"

पप्पांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी उल्हास बोलला. तो मनापासून बोलत होता. त्याला स्वतःला जे सापडलं होतं ते तो त्या माणसाला देऊ बघत होता. "काका, असं बघा. या जगाला सुरुवात आहे. ज्याला सुरुवात आहे त्याला कारण असतं. ते कारण जगाच्या बाहेरचं हवं, सामर्थ्यवान हवं. बरं, माणसाला विचार करता येतो. म्हणजे ज्यानं माणूस केला तोही विचार करणारा असणार. आणि जो विचार करतो, त्याला ऐकूही येत असणार, नाही का?"

एकही पायरी चुकली नाही. ओळ न् ओळ पप्पांची होती, थांबण्याच्या जागासुद्धा पप्पांच्याच. दहिफळे मान हलवत ऐकत होते. त्यांची नजर मात्र उल्हासच्या खांद्यावरून आतल्या दाराकडे होती.

"आसंल, साहेब," ते म्हणाले. "तुमी शिकलेले. पोरगी आत जाताना माजा हात सोडंना, म्हणून आपलं इचारलं."

उल्हास पुढचा मुद्दा सांगू लागला. पप्पांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "उल्हास, पुरे."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते उल्हासजवळ, दुसऱ्या बाकावर बसले होते. उठून माझ्याशेजारी आले.

"असं ऐकू यायचं तुला?" त्यांनी हळू विचारलं.

"हो."

त्यांनी चष्मा काढला आणि पुसलाही नाही, नुसता हातात धरून बसले.

दुपार उलटल्यावर डॉक्टर बाहेर आले. आईचं ऑपरेशन नीट झालं होतं. उल्हासनं दोन्ही हात वर केले. "ऐकलं त्यानं! पप्पा, ऐकलं!" तो रडतच म्हणाला. मलाही रडू फुटलं. पप्पांनी मात्र समोर बघितलं. दहिफळे आमच्याकडे बघत होते, चेहऱ्यावर जरासं हसू आणून, दुसऱ्याच्या घरचं चांगलं झाल्यावर आणतात तसं. पप्पांनी उल्हासचे वर गेलेले हात धरून खाली आणले.

मंदा गेली. दिवस मावळण्याआधीच. आतून एक बाई आली, दहिफळ्यांशी खाली वाकून बोलली, आणि ते उभे राहिले, पुन्हा बसले, पुन्हा उभे राहिले. त्यांच्या मांडीवरची टोपी खाली पडली. ती कुणी उचलायची हेच आम्हाला सुचेना. पप्पांनी उचलली, झटकली आणि त्यांच्या हातात दिली.

नंतरचं सगळं पप्पांनी केलं. सह्या, गाडी, कापड. गाडी मिळाली तेव्हा मागे मंदाजवळ बसायला म्हातारा एकटाच होता. पप्पा आमच्याकडे आले. "आई शुद्धीवर आली की सांगा, मी पाथर्डीला गेलोय. उद्या येईन."

"पप्पा, आईला सोडून?" उल्हास म्हणाला. "आणि तिथे जाऊन तुम्ही त्यांना काय सांगणार?"

"काही नाही," पप्पा म्हणाले आणि गाडीत चढले.

आईच्या काचेच्या खोलीबाहेर मी रात्रभर बसून राहिले. नळ्या, यंत्र, आणि त्यांच्यामधे तिचा वर-खाली होणारा श्वास. मी तो बघत होते.

पप्पा दुसऱ्या दिवशी दुपारी परतले. कपडे धुळीनं भरले होते, डोळे लाल होते. आधी आत जाऊन आईला बघून आले, मग बाहेर येऊन माझ्याजवळ बसले. उल्हास औषधं आणायला गेला होता.

"वाटेत काय बोललात त्यांच्याशी?" मी विचारलं.

"मी नाही बोललो. तेच बोलत होते. मंदा लहानपणी शेळीच्या पिल्लाला झोळीत घालून झुलवायची. गाव येईपर्यंत तेच सांगत होते." थोडं थांबून म्हणाले, "तू? रात्रभर एकटीच होतीस?"

ते काय विचारताहेत ते मला समजलं. "एकदा त्याला हाक मारली," मी म्हणाले. "कुणी होतं की नाही, माहीत नाही."

मी वाट बघत राहिले. इतक्या रविवारांची मला सवय झाली होती. मी एक वाक्य बोलले की दुसरं येणार, त्यामागून तिसरं, आणि शेवटी मला उत्तर सुचणार नाही.

उल्हासचा विश्वास टिकला. तो आज पुण्याच्या एका चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळात आहे, कॉलेजच्या मुलांना हेच मुद्दे शिकवतो, आणि काही मुलं त्या वाटेनं खरंच आत येतात. मी त्याला हसत नाही. त्याचं दार तर्कानंच उघडलं. मी पुढेही पेटी वाजवत राहिले. पप्पा होते तोवर मी प्रभुभोजनाला उठले नाही. ते क्षणभर थांबायचे आणि मग कापड घालायचे. आई आणखी बारा वर्षं जगली.

पण त्या दुपारी, दवाखान्याच्या बाकावर, पप्पांनी मला काहीही पटवून दिलं नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. मी जे सांगितलं ते त्यांना पुरेसं होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून मला पहिल्यांदाच वाटलं.

"बरं," ते म्हणाले. "तू काही खाल्लंस का?"

मी नाही म्हणाले. मग ते उठले आणि मला घेऊन खाली गेले.